विलायतेचा अर्ज

आमच्या किनाऱ्याला ‘विलायत’ हा शब्द नवा नाही. मालवण, आचरा, देवगड, विजयदुर्ग, वेंगुर्ला या पट्ट्यातल्या मुसलमान घरांत एखादा तरी म्हातारा असा निघायचा, की ज्याने लंडनची गोदी पाहिलेली असायची. पाहिली ती जहाजावरून. कुणी खलाशी, कुणी सारंग, कुणी जहाजावरचा भंडारी. थंडीत कुडकुडत दोन रस्ते फिरायचे, पोरांना चॉकलेट आणि बायकोला अत्तराची बाटली घ्यायची आणि पुन्हा शिडी चढून जहाजात. पुढे आखात आले. दुबई, कुवेत, मस्कत ही नावे आमच्या पोरांना पुण्या-नागपूरपेक्षा जवळची झाली. म्हणजे परदेशाची भीती आम्हांला कधीच नव्हती. भीती आहे ती कागदाची. जहाजाचा करार असो की आखाताचा व्हिसा, कागद नेहमी दुसऱ्याच कुणीतरी भरला. एजंटाने सांगितले तिथे सही केली, नाही तर अंगठा दिला.

शिकायला परदेशी जाण्याचा अर्ज मात्र दुसऱ्याला भरता येत नाही. तो स्वतःच लिहावा लागतो आणि त्यात ‘मी कोण’ हेही स्वतःच सांगावे लागते. माझ्या भाचीच्या निमित्ताने हे काम मी जवळून पाहिले. ती वकील, मीही तालुक्याच्या कोर्टात आयुष्य घालवलेला वकील. त्यामुळे घरात दोन वकील आणि एक अर्ज अशी स्थिती झाली. त्यात जे शिकायला मिळाले ते आपल्या समाजातल्या इतर मुलामुलींच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहितो आहे.

कायदा शिकायला समुद्रापलीकडे जाण्याची वाट मुळात आपल्या माणसांनीच लवकर धरली होती, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. मुंबईचे व्यापारी तय्यब अली यांनी आपल्या मुलांना शिकायला युरोपात पाठवले. त्यांतले कमरुद्दीन तय्यबजी १८५८मध्ये इंग्लंडात सॉलिसिटर झाले आणि धाकटे बदरुद्दीन १८६७मध्ये मिडल टेंपलमधून बॅरिस्टर होऊन आले. मधल्या काळात बदरुद्दीन यांचे डोळे बिघडले, शिक्षण अर्धे टाकून मायदेशी परतावे लागले, पण ते पुन्हा गेले आणि पुरे करून आले. मुंबई हायकोर्टात उभे राहिलेले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. १८७४मध्ये याच भावांनी इतरांना बरोबर घेऊन अंजुमन-ए-इस्लाम उभी केली आणि १८८७मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद बदरुद्दीन यांच्याकडे आले. एका बापाने मुलांच्या शिक्षणावर खर्च केला, त्याचे फळ किती पिढ्यांनी खाल्ले याचा हिशेब करून पाहावा.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर दोन बॅरिस्टरांची नावे प्रत्येकाच्या तोंडी आहेत. एक वेंगुर्ल्याचे नाथ पै. १९५७पासून १९७१मध्ये निधन होईपर्यंत ते राजापूर मतदारसंघाचे खासदार होते आणि ‘बॅरिस्टर’ हा शब्द त्यांच्या नावाचा भागच झाला. दुसरे रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले, तेही लंडनला जाऊन बॅरिस्टर झालेले. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा मुख्यमंत्री अंतुलेच होते. आमच्या सातबाऱ्यावर जिल्ह्याचे नाव बदलले ते एका कोकणी मुसलमान बॅरिस्टराच्या कारकिर्दीत.

पण तो बॅरिस्टरीचा जमाना संपला. १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने या देशात वकिलांचा एकच वर्ग केला आणि विलायतेहून बॅरिस्टर होऊन येण्याचे जुने मोल उरले नाही. आता आपल्याकडे वकील झालेला मुलगा किंवा मुलगी बाहेर जाते ती एलएल.एम. करायला. इंग्लंडात हा अभ्यासक्रम साधारण एक वर्षाचा, अमेरिकेत तर दहा महिन्यांच्या आत आटोपणारा. मोहल्ल्यात समजूत अशी, की ही पदवी घेतली की माणूस तिकडचा वकील होतो. तसे होत नाही. इंग्लंडात सॉलिसिटर व्हायचे तर २०२१पासून एसक्यूई नावाची वेगळी परीक्षा आहे, ती देण्यासाठी एलएल.एम. लागतेच असे नाही. न्यूयॉर्क राज्यात परदेशात शिकलेल्या वकिलाला बारच्या परीक्षेला बसता येते. त्याच्या पदवीत काही उणीव निघाली तर ती बऱ्याचदा तिथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठातल्या २४ क्रेडिटच्या एलएल.एम.ने भरून निघते. कॅनडात नॅशनल कमिटी ऑन अ‍ॅक्रेडिटेशन आपली पदवी तपासते आणि कोणकोणत्या विषयांत पुन्हा उत्तीर्ण व्हायचे ते ठरवून देते. उलट परत येऊन इथे कॉलेजात शिकवायचे असेल, तर त्या पदवीची समकक्षता आधी तपासून घ्यावी लागते. एक वर्षाच्या एलएल.एम.वरून बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०२०च्या नियमांनी वाद उठला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. म्हणून पहिला प्रश्न ‘कुठे जायचे’ हा नसून ‘कशासाठी जायचे’ हा आहे. तिकडे वकिली करायची, इकडे शिकवायचे, की एखाद्या विषयात खोल उतरून आपल्याच कोर्टात परत उभे राहायचे?

भाचीचे उत्तर तयार होते. तिला समुद्राचा कायदा शिकायचा होता.

हे उत्तर कुठून आले ते मला ठाऊक आहे. तिच्या वडिलांची छोटी होडी. आमच्याकडे रापण ओढायला मोहल्ल्यातले आणि गाबीतवाड्यातले हात एकाच दोरीला लागतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे किनाऱ्यावरच पडतात. पर्ससीनचे मोठे ट्रॉलर आले तेव्हापासून या वाट्यांना ओहोटी लागली. मोर्चे झाले, समुद्रात हाणामाऱ्या झाल्या, पोलीस केसेस झाल्या. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी सरकारने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला आणि ही मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच चार महिन्यांपुरती ठेवली. त्या वेळी पोर बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर होती. आदेशाची प्रत किनाऱ्यावर आली आणि चाळीस-पन्नास माणसांच्या घोळक्यात तिने ती मोठ्याने वाचून दाखवली. सरकारी मराठी म्हणजे आमच्या मच्छीमाराला इंग्रजीच. तो विचारी, ‘याचा अर्थ काय?’ आणि ही वाक्य फोडून सांगे. बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, राज्याचा अधिकार. त्यापलीकडे दोनशे सागरी मैलांपर्यंत केंद्राचा. मग ट्रॉलर बारा मैलांच्या बाहेर उभा राहून आतला मासा ओढून घेत असेल तर तक्रार कुणाकडे? या प्रश्नाचे उत्तर तेव्हा तिच्याकडे नव्हते. पाच वर्षे लॉ करून, सनद घेऊन, बार कौन्सिलची परीक्षा देऊन आणि तीन वर्षे मालवण-ओरोसला काम करूनही ते पुरते मिळाले नाही. १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा, २०२१ची त्यातली सुधारणा, संयुक्त राष्ट्रांचा १९८२चा समुद्र कायद्याचा करार, त्यावर भारताने १९९५मध्ये केलेले शिक्कामोर्तब, सीआरझेडचे नियम, १९८७पासूनचे मालवणचे सागरी अभयारण्य हे सगळे एकत्र बसवून शिकवील असा माणूस इथे जवळपास भेटेना. २०२४च्या पावसाळ्यात, होड्या शाकारलेल्या असताना, तिने ठरवले की बाहेर जायचे.

या विषयाच्या जागा जगात मोजक्या आहेत. माल्टा बेटावर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८८मध्ये स्थापन केलेली सागरी कायद्याची संस्था आहे. तिथे निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवतात आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एखादा आंतरराष्ट्रीय करार आपल्या देशाच्या कायद्यात कसा बसवायचा याचा मसुदा लिहावा लागतो. इंग्लंडातल्या साऊदॅम्प्टन आणि वेल्समधल्या स्वान्सीच्या विद्यापीठांतही सागरी कायद्याची जुनी परंपरा आहे. आम्ही वहीत कोष्टक आखले. विद्यापीठ, विषय, शेवटची तारीख, फी, कागदपत्रे. पुढच्या सप्टेंबरला वर्ग सुरू व्हायचे तर आदल्या सप्टेंबरलाच कामाला लागावे लागते, हा पहिला धडा. अनेक नामांकित ठिकाणांच्या तारखा डिसेंबर-जानेवारीत संपतात आणि शिष्यवृत्त्यांच्या त्याहूनही आधी.

कागदपत्रांत पहिली ठेच लागली ती नावाची. ही ठेच आपल्या समाजात घरोघरची आहे. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव ‘अ.’ असे एका अक्षरात आखडलेले, आधारकार्डावर ‘अब्दुल’ वेगळा, पासपोर्टावर जोडलेला, पदवीच्या गुणपत्रिकेवर स्पेलिंग तिसरेच. आडनाव एका ठिकाणी गावावरून, दुसऱ्या ठिकाणी जातकुळीवरून. मास्तरांनी ऐकले तसे लिहिले आणि बापाला वाचता येत नव्हते म्हणून ते तसेच राहिले. इंग्रजीच्या परीक्षेला नाव पासपोर्टाप्रमाणेच लागते आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळले नाही तर पुढे विचारणा होते. आम्ही पासपोर्टावरचे नाव प्रमाण धरले, प्रतिज्ञापत्र केले आणि राजपत्रात नावाची जाहिरात दिली. मुलांचे नाव शाळेत घालतानाच या भानगडी टाळता येतात, एवढे आईबापांनी ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट शिफारसपत्रांची. आपल्याकडे शिफारसपत्र म्हणजे चारित्र्याचा दाखला. ‘सदर विद्यार्थिनी हुशार, मनमिळाऊ व सद्‌वर्तनी असून तिच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.’ तिच्या एका प्राध्यापकांनी प्रेमाने अगदी असेच लिहून दिले. तिकडे या दाखल्याला काडीची किंमत नाही. त्यांना हवे असते की या मुलीने कोणते काम केले, कोणत्या प्रश्नावर कसा विचार केला, वर्गात तिचा क्रमांक कुठे होता. भाची त्यांच्याकडे पुन्हा गेली, आपला जुना निबंध आणि दोन प्रकरणांची टिपणे घेऊन. सरांनी चष्मा पुसला, वाचले आणि दुसरे पत्र लिहिले. मोठी माणसे चिडतील म्हणून आपली पोरे दुसऱ्यांदा विचारायला धजत नाहीत. विचारावे. अदबीने विचारलेले कुणाला टोचत नाही.

गुणपत्रिकांचे मोहोरबंद पाकीट मिळवायला तिला चार खेपा घालाव्या लागल्या. कुठे, ते लिहीत नाही, सगळीकडे तीच कथा. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांना असे पाकीट थेट संस्थेकडूनच हवे असते, विद्यार्थ्याच्या हातून आलेले चालत नाही. अमेरिकेचा विचार पुढे फीचे आकडे बघून आम्ही सोडला, पण पाकिटाचे काम शिकून घेतले.

आता खरा पेच सांगतो. अर्जासोबत स्वतःविषयीचे एक निवेदन द्यावे लागते. साधारण दोन पाने. तुम्ही कोण, हा विषय का, हेच विद्यापीठ का, शिकून पुढे काय करणार. या दोन पानांवर पुष्कळ काही ठरते, असे सगळेच सांगत होते. म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही एका शहरातल्या सल्लागाराकडे गेलो. भला माणूस. त्याने भाचीकडे पाहिले, तिच्या डोक्यावरच्या ओढणीकडे पाहिले आणि म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडे तर तयार गोष्ट आहे. मुस्लिम मुलगी, छोटं गाव, घरातून विरोध, बुरखा, लवकर लग्नाचा दबाव, आणि त्यातून तुम्ही झगडून बाहेर आलात. तिकडे हे लगेच भिडतं.”

ती शांतपणे म्हणाली, “पण घरातून विरोध झालाच नाही.”

तो हसला. म्हणाला, “थोडा झाला असेलच ना?”

परत येताना एसटीत ती बराच वेळ गप्प होती. कुडाळ गेल्यावर म्हणाली, “मामू, माका खोटा लिवचा नाय.”

मी या विषयावर पुष्कळ विचार केला. विरोध, दबाव, लवकर लग्ने, शाळेतून काढलेल्या मुली, हे आपल्या समाजात नाही असे मी म्हणणार नाही. म्हटले तर तेही खोटेच होईल. सच्चर समितीने २००६मध्ये दाखवले, की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी-पदविका घेतलेले शंभरात चारही नव्हते. यावर आपल्या लेखक-लेखिकांनी कळकळीने लिहिले आहे, शिव्या खाऊन लिहिले आहे. पण एखाद्या मुलीवर जो जुलूम झालाच नाही, तो तिने परक्या माणसाची कणव मिळवण्यासाठी स्वतःच्या बापाच्या नावावर लिहायचा? जिच्यावर खरोखर झाला, तिची साक्ष यामुळे स्वस्त होत नाही का? कोर्टात आम्ही खोट्या साक्षीदाराला भितो ते याच कारणाने. तो एक खटला जिंकून देतो आणि पुढच्या दहा खऱ्या साक्षीदारांवरचा विश्वास उडवून जातो.

आणखी एक गोष्ट आहे. आपली कहाणी दुसऱ्याने आधीच लिहून ठेवलेली असते. इकडे एक, तिकडे दुसरी. इकडच्या कहाणीत आपण संशयाचे धनी, तिकडच्या कहाणीत दयेचे. भाचीला या दोन्हींपैकी एकही नको होती. तिला फक्त तिच्या विषयाबद्दल बोलायचे होते. एका मुसलमान मुलीला मुसलमानपणाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलता यावे, मासळीबद्दल, सागरी हद्दीबद्दल, एखाद्या कलमातल्या संदिग्ध शब्दाबद्दल, एवढी मोकळीक तिला हवी होती.

तिने निवेदन पाच वेळा लिहिले. पहिल्या खेपेला ते फारच आलंकारिक झाले, सागराची हाक वगैरे. दुसऱ्या खेपेला नुसती कलमे झाली. शेवटच्या खेपेला तिने रापणीच्या वाट्यांपासून सुरुवात केली. किती हात, किती वाटे, कुणाचा वाटा किती आणि भांडण झाले तर ते किनाऱ्यावर कसे मिटते. मग २०१६चा आदेश, आपण तो वाचून दाखवल्याची गोष्ट आणि आपल्याला न देता आलेले उत्तर. मग तिने हाताळलेले एक प्रकरण. शेवटी, परत येऊन मच्छीमार सोसायट्यांसाठी आणि कोर्टासाठी काय करायचे आहे ते. तिचा मजहब त्यात एकाच वाक्यात आला. जुम्म्याला होड्या उशिरा सुटतात आणि त्या दिवशी गाबीतवाड्यातले लोक आमच्या माणसांसाठी दोर धरून थांबतात, एवढेच. मी ते वाचले आणि एक शब्दही बदलला नाही.

एका विद्यापीठाने नकार कळवला, दोन ठिकाणांहून होकार आला. त्यांतल्या इंग्लंडमधल्या एकाने फीमध्ये काही सूट दिली. घरात साखर वाटली गेली आणि दुसऱ्या दिवशी सगळे हिशेबाला बसले.

इंग्लंडात परदेशी विद्यार्थ्याला एलएल.एम.ची फी बऱ्याच ठिकाणी २० ते ३० हजार पौंडांच्या घरात जाते. अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत ती ६०-७० हजार डॉलरच्याही वर असते. राहणे, खाणे, विमान, विमा वेगळा. शिष्यवृत्त्या आहेत. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग १९८३पासून आहे. तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. राष्ट्रकुलाच्या शिष्यवृत्त्या आहेत, मुंबईची इनलॅक्स आहे. १८९२पासूनची जमशेटजी टाटांची योजना आहे, ती कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाचा भार उचलणारी केंद्राची ‘पढो परदेस’ योजना मात्र २०२२-२३पासून बंद झाली. आपल्या मुलांना त्या वाटेने जो टेकू मिळत होता, तो गेला. भाचीने अर्ज केला त्या वर्षी तिला कुठलीच मोठी शिष्यवृत्ती मिळाली नाही.

राहिले बँकेचे कर्ज. आणि इथे आपल्या घरांत दुसरा पेच उभा राहतो, व्याजाचा. माझे मेहुणे पाच वक्त नमाजी. आयुष्यात त्यांनी व्याज दिले नाही, घेतले नाही. होडीचे इंजिन घ्यायला सात वर्षे थांबले. ते म्हणाले, “पोर शिकायला जाऊ दे, पण सुदाच्या पैशावर नको.” यावर आलिमांची मते सारखी नाहीत. कुणी जरुरतीचा विचार करून सवलत देतात, कुणी साफ नाही म्हणतात. मी त्या वादात पडत नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमाला विचारावे आणि आपल्या ईमानाला विचारावे. पण मेहुण्यांचा शब्द हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बापाच्या मनाला टोचणी लावून मिळवलेली पदवी त्या पोरीलाही नको होती.

मग कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी उसने. तिच्या चुलत्याने कुवेतहून काही दिले, जहाजावर असलेल्या मावसभावाने काही, मी काही. आपल्या माणसांत कागद कशाला, असे सगळे म्हणाले. मी वकील म्हणून नव्हे, मुसलमान म्हणून कागदाचा आग्रह धरला. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२वी, कर्ज लिहून ठेवण्याविषयीची आहे. नमाज-रोज्याची नव्हे, उधारीची! लिहा, साक्षीदार ठेवा, लहान रक्कम असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, हा तिचा आशय. ज्यांच्या ग्रंथात हे आहे, त्यांच्याच घराघरांत बिनकागदी उधारीवरून भाऊ भावाशी बोलेनासे झालेले मी कोर्टात रोज पाहतो. आम्ही प्रत्येकाचे वेगळे लेख केले. रक्कम, परतफेडीची मुदत, साक्षीदार. पोरीने सह्या केल्या. कर्जदार ती होती, तिचा बाप नव्हे.

तरीही निम्म्याहून अधिक रक्कम कमी पडत होती. ती कुठून आली, हे या लेखातले सर्वांत महत्त्वाचे आहे.

ती माझ्या बहिणीने दिली. आमच्या वडिलांच्या पश्चात हापूसची कलमे असलेली जमीन होती. शरियतप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा. हे सगळ्यांना पाठ असते. पण आमच्या किनाऱ्यावर आणि तुमच्याही गावांत प्रत्यक्षात काय होते ते आपण जाणतो. वडील गेले की महिन्याभरात बहिणींना तलाठ्याकडे किंवा निबंधकाकडे नेतात आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. ‘भावाचं घर माहेर म्हणून राहू दे’ असे म्हणत त्या रडत सही करतात. मी वकिलीत अशी किती हक्कसोडपत्रे पाहिली असतील, त्यांची गणती नाही. आमच्या वडिलांनी मात्र हयातीतच सांगून ठेवले होते, की मुलीचा वाटा मुलीच्या नावे लागेल. तसा तो लागला, सातबाऱ्यावर चढला. बहिणीने तीस वर्षे ती कलमे राखली. त्या वर्षी तिने ती विकली.

विकताना ती रडली, हे मी लपवणार नाही. कलमे तिने आपल्या हाताने शिंपली होती. पण तिने कुणाची परवानगी मागितली नाही, कारण मागावी लागत नव्हती. पैसे तिच्या खात्यात आले. ब्रिटनच्या व्हिसासाठी ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आईबापांच्या खात्यातली असली तर नात्याचा पुरावा आणि त्यांचे संमतिपत्र लागते. आपल्या लोकांची बचत सोन्यात, जमिनीत, होडीत, त्यामुळे खात्यातले हे २८ दिवस पुष्कळांना अवघड जातात. बहिणीने संमतिपत्रावर सही केली. नेहमी बायकांच्या सह्या हक्क सोडण्यासाठी घेतलेल्या मी पाहतो. ती सही हक्क वापरण्यासाठी होती.

नातलगांत कुजबुज झालीच. एकटी जाणार? कुणाच्या भरवशावर? त्यांना उत्तर मी दिले नाही, मेहुण्यांनीही दिले नाही. पोरीची आजी, जिने नवऱ्याला आणि दोन मुलांना जहाजावर पाठवून उभे आयुष्य काढले, ती ओसरीवरून म्हणाली, “आगबोटीर गेले ते सगळे परत इले. ही पण येतली.” मला नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आठवल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या १८८९मध्ये ऑक्सफर्डला गेल्या. सरकारी शिष्यवृत्ती त्यांना स्त्री म्हणून नाकारली गेली आणि शेवटी वर्गणीवर त्यांचे शिक्षण झाले. १८९२मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, पण विद्यापीठाने पदवी हातात दिली ती १९२२मध्ये. डॉ. आंबेडकरांनाही शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७मध्ये लंडन अर्धवट सोडून परतावे लागले होते. साठवलेले पैसे, मित्राचे उसने आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते १९२०मध्ये पुन्हा गेले. म्हणजे पैशाचा प्रश्न कुणालाच चुकलेला नाही. प्रश्न एवढाच, की अशा वेळी समाज कुठे उभा राहतो.

आपल्या बहुतेक गावांची जमात आहे, मुंबईत मंडळ आहे, आखातात वर्गणी देणारी माणसे आहेत. मशिदीची फरशी दोनदा बदललेली गावे मला ठाऊक आहेत. फरशीला माझा विरोध नाही. पण त्याच जमातीने कर्ज-ए-हसनाचा एक फिरता निधी का ठेवू नये? एक मुलगा शिकून परत करील, त्यातून दुसरी मुलगी जाईल. जकातीचे नियम वेगळे आहेत, ते आलिमांकडून समजून घ्यावेत. बिनव्याजी उसने देण्याला मात्र कुणाचीच आडकाठी नाही. हिशेब लिहून ठेवावा, दरवर्षी जुम्म्याच्या नमाजीनंतर वाचून दाखवावा. रापणीचे वाटे पाडणाऱ्या लोकांना हे अवघड नाही.

भाची २०२५च्या सप्टेंबरात गेली. त्याच्या महिनाभर आधी, १८ ऑगस्टला, कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि आमचा जिल्हा त्याच्याशी जोडला गेला. पूर्वी मच्छीमाराला रिट करायची तर रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागे. आता घाट चढला की हायकोर्ट. भाचीने ते ऐकले तेव्हा तिची बॅग भरून झालेली होती. ती म्हणाली, “म्हणजे परत आल्यावर उभं कुठं राहायचं ते ठरलं.” ती परत येईलच असे मी कुणाला लिहून देणार नाही. तिचे आयुष्य तिचे आहे. पण डिसेंबरात तिचा फोन आला तो १९८१च्या कायद्यातल्या सुधारणांची मराठी प्रत मागायला. तिकडच्या वाचनालयात ती सापडत नव्हती. मी ओरोसहून मिळवून पाठवली.

आता कोर्ट सुटल्यावर आठवड्यातून एखादे पोर माझ्याकडे येते. कुणी राजापूरचे, कुणी बांद्याचे, परवा एक मुलगी आईला घेऊन आली होती. त्यांना मी कोष्टकाची वही देतो आणि तीन प्रश्न विचारतो. कशासाठी जायचे आहे? पासपोर्टावर आणि दाखल्यावर नाव एकच आहे का? तिसरा प्रश्न मी आईला विचारतो, “तुमच्या वडिलांच्या जमिनीत तुमचं नाव लागलंय का?” त्या मुलीची आई गोंधळली. मुलीकडे पाहून म्हणाली, “भावांनी सही घेतलीन.” मग जरा थांबून तिने विचारले, “वकीलसाहेब, ती सही मोडता येते का?”

मी तिला कागद घेऊन यायला सांगितले आहे.